गाडीची प्रत आणि कारखान्याचा पत्ता

नवी गाडी घेणारा माणूस किंमत, मायलेज आणि सुरक्षिततेची चौकशी करून झाली की बऱ्याचदा आणखी एक प्रश्न विचारतो: ही गाडी बनली कुठे? इथे जोडलेली की बाहेरून तयार आणलेली? कंपनी तीच, मॉडेल तेच, पण एक गाडी कंपनीच्या मूळ देशात तयार झाली आणि दुसरी हजारो मैलांवरच्या कारखान्यात, तर दोन्हींची बांधणी सारखी असते का? यावर दोन ठाम मते आहेत. एका मताप्रमाणे देश बदलला की प्रत बदलते. दुसऱ्या मताप्रमाणे आराखडा आणि यंत्रे एकच असली की कारखाना कुठलाही असो, फरक पडत नाही. हा वाद तपासायला शास्त्रार्थाची आपली जुनी रीत सोयीची आहे. आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचे. उत्तरपक्षाचे मत हेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्वपक्ष : कारखान्याचा पत्ता महत्त्वाचा आहे, असे अनुभवी ग्राहक म्हणतात ते उगाच नाही. गाडीचा आराखडा ज्या गावात तयार होतो तिथेच ती बनली, तर चूक दिसताच आराखडा करणारा इंजिनियर तासाभरात लाइनवर येऊन उभा राहतो. सुटे भाग पुरवणारे आसपासच असतात. कामगारांच्या दोन-तीन पिढ्या त्याच धंद्यात मुरलेल्या असतात. नव्या देशात कारखाना उभारला की हे सगळे शून्यापासून करावे लागते. मर्सिडीजने 1997 मध्ये अमेरिकेत, अलाबामा राज्यात एम-क्लास बनवायला घेतली, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांबद्दल किती तक्रारी झाल्या ते सर्वश्रुत आहे. पोर्शची बॉक्स्टर काही वर्षे जर्मनीत आणि फिनलंडमध्येही जोडली जात होती. तिचे चाहते आजही जुनी गाडी घेताना ती कुठली आहे ते विचारतात. आणि आकडेच हवे असतील तर अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 1986 मध्ये दोन कारखान्यांची तुलना केली होती. जनरल मोटर्सच्या मॅसेच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात दर 100 गाड्यांमागे जुळणीचे 130 दोष सापडत होते, तर टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात 45. एवढा फरक असताना पत्त्याला अर्थ नाही असे कसे म्हणायचे?

उत्तरपक्ष : तुमची उदाहरणे खरी आहेत. पण त्यांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. गाडीची प्रत तीन ठिकाणी ठरते. पहिले ठिकाण आराखड्याचे: इंजिन कसे रचले, कोणता पत्रा वापरला, गंजरोधक प्रक्रिया कोणती निवडली. दुसरे ठिकाण बाजारपेठेनुसार केलेल्या निवडीचे: कुठल्या देशातल्या ग्राहकाला किती एअरबॅग द्यायच्या, काय वगळायचे. तिसरे ठिकाण प्रत्यक्ष जुळणीचे: वेल्डिंग, रंगकाम, दारांच्या फटी, वायरिंग, बोल्ट किती आवळले. कारखाना उत्तरदायी असतो तो या तिसऱ्या गोष्टीपुरता. पहिल्या दोन गोष्टी मुख्यालयात ठरतात आणि कारखान्यात फक्त अमलात येतात. बॉक्स्टरचेच पाहा. त्या पिढीतल्या गाडीचा सर्वांत बदनाम दोष म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग निकामी होणे. ते इंजिन जर्मनीत बनत होते आणि तिथूनच फिनलंडला जात होते. गाडी जर्मनीत जोडलेली असो की फिनलंडमध्ये, बेअरिंग तेच होते. म्हणजे जोडणीचा देश विचारणारा ग्राहक ज्या धोक्यापासून वाचू पाहत होता, तो धोका दोन्ही गाड्यांत सारखाच होता. मर्सिडीजचीही तीच गोष्ट. अलाबामाच्या एम-क्लासला नावे ठेवली जात होती त्याच काळात खुद्द जर्मनीत बनलेल्या ई-क्लासच्या पत्र्याला गंज चढत होता. ती घसरण एका कारखान्याची नव्हती, त्या काळातल्या संपूर्ण कंपनीची होती.

निवडीचा मुद्दा याहून गंभीर आहे, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न येतो. 2016 मध्ये सुरक्षा चाचणी करणाऱ्या संस्थांनी निसानच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळवल्या. एक होती मेक्सिकोतल्या ग्राहकांसाठीची त्सुरू आणि दुसरी अमेरिकेत विकली जाणारी वर्सा. त्सुरूचा पुढचा भाग चेपून चालकाच्या जागेपर्यंत आत गेला, वर्सातला चालक बचावण्याजोगा राहिला. दोन्ही गाड्या मेक्सिकोतच बनलेल्या होत्या, कंपनीही एकच होती. फरक होता तो एका जुन्या आराखड्याला एअरबॅगविना विकू देणाऱ्या कायद्याचा आणि तसे विकायचे ठरवणाऱ्या कंपनीचा. अशा वेळी ‘मेक्सिकोत बनलेली गाडी कच्चीच असायची’ असा निष्कर्ष काढला, तर जबाबदारी ज्यांची आहे ते मोकळे सुटतात आणि बोल लागतो तो लाइनवरच्या कामगाराला.

पूर्वपक्ष : ठीक आहे, आराखडा आणि निवड बाजूला ठेवू. पण फ्रेमिंगहॅम आणि ताकाओका यांच्यातली तुलना जुळणीच्या दोषांचीच होती. तिथे तर देशाचा फरक उघड दिसतो. जपानी कामगाराची शिस्त आणि कामाबद्दलची निष्ठा अमेरिकेत कुठून आणणार? जर्मन कारागिराची नजर दुसऱ्या देशात कशी उगवणार? संस्कृती ही काही जहाजात भरून पाठवता येणारी वस्तू नव्हे.

उत्तरपक्ष : संस्कृतीच्या या दाव्याची परीक्षा घेण्याचा प्रसंग इतिहासात खरोखर आला होता. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता. वाईट कारखाना म्हणून त्याची ख्याती होती. पाचातला एक कामगार गैरहजर, अचानक संप, व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात उभा दावा, तक्रारींचे ढीग. 1982 मध्ये कंपनीने त्याला टाळे लावले. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो ‘नमी’ या नावाने पुन्हा सुरू केला. इमारत तीच, युनियन तीच, आणि घेतलेल्या कामगारांपैकी बहुतेक जण जुन्याच कारखान्यातले. शेकडो गटप्रमुखांना टोयोटाने ताकाओकाला नेऊन प्रत्यक्ष लाइनवर शिकवले. परत आल्यावर प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. काही चुकले आहे असे दिसले की ती ओढायची, गटप्रमुख धावत येणार, तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबणार. लाइन थांबवली म्हणून कोणाला शिक्षा होणार नव्हती. मागणी घटली तरी कामगार कपात हा शेवटचा उपाय राहील, असे कंपनीने करारात लिहून दिले. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. एमआयटीच्या त्याच अभ्यासात नमीतले दोष मोजले गेले, तेव्हा आकडा निघाला दर 100 गाड्यांमागे 45, म्हणजे ताकाओकाइतकाच. नमीसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स सुरुवातीला जपानहून येत होते हे खरे. पण मोजलेले दोष जुळणीचे होते आणि जुळणी करणारे हात कॅलिफोर्नियाचे होते.

एकाच कारखान्याच्या दाखल्यावर विसंबायचे नसेल, तर तो सगळा अभ्यास 1990 मध्ये ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकात आला आहे. जपानी कंपन्यांच्या जपानमधल्या कारखान्यांत दर 100 गाड्यांमागे सरासरी 60 दोष होते आणि त्याच कंपन्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांत 65. त्याच खंडातल्या अमेरिकी कंपन्यांच्या कारखान्यांत 82 आणि युरोपात 97. म्हणजे देश बदलला तेव्हा पाचाचा फरक पडला. देश तोच राहून काम चालवण्याची पद्धत बदलली तेव्हा सतराचा. जर्मन कारागिरीबद्दल त्या पुस्तकात एक निरीक्षण आहे, ते अनेकांना टोचले. महागड्या गाड्या बनवणाऱ्या एका जर्मन कारखान्यात लाइनच्या शेवटी पांढऱ्या कोटातले तंत्रज्ञ गाड्या दुरुस्त करत होते. जपानी कारखान्यात जवळजवळ निर्दोष गाडी पहिल्याच झटक्यात तयार करायला जेवढे श्रम लागत, त्याहून जास्त श्रम इथे चुका निस्तरण्यात जात होते. ज्याला आपण कारागिरी समजतो, त्यातला मोठा भाग आधी होऊ दिलेल्या चुकांची दुरुस्ती होती. आणि त्या अभ्यासात जुळणीच्या बाबतीत सगळ्यांत सरस कारखाना कुठे होता? जपानमध्ये नाही, जर्मनीत नाही. मेक्सिकोच्या एर्मोसियो शहरात. तो फोर्डचा होता, 1986 मध्ये सुरू झालेला, आणि माझ्दाच्या आराखड्यावर गाड्या बनवणारा. मोटारधंद्यात मुरलेल्या दोन-तीन पिढ्या तिथे नव्हत्या. काळजीपूर्वक आखलेले काम आणि ते शिकवण्यासाठी दिलेला वेळ मात्र होता.

पूर्वपक्ष : मग तुमचा निष्कर्ष असा झाला की कारखान्याला महत्त्वच नाही. आराखडा मुख्यालयाचा, पद्धत कंपनीची, वेल्डिंग करणारे रोबो सगळीकडे एकाच बनावटीचे. चांगल्या कंपनीची गाडी घ्या, ती चाकणची असो की चेक प्रजासत्ताकातली, एकसारखीच निघेल. असेच ना?

उत्तरपक्ष : नाही. हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे आहे. कारखान्याचा परिणाम होतो, आणि मोठा होतो. फक्त तो नकाशावरून ओळखता येत नाही. आधी गिअरबॉक्सचे उदाहरण घेऊ. 1980 च्या दशकात फोर्डचा एकाच आराखड्याचा स्वयंचलित गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनत होता: फोर्डच्या ओहायोतल्या बटेव्हिया कारखान्यात आणि जपानमध्ये माझ्दाकडे. माझ्दाचे गिअरबॉक्स कमी आवाज करत आणि वॉरंटीखाली परतही कमी येत. फोर्डने दोन्हीकडचे नमुने उघडून भाग मोजले. बटेव्हियाचे भाग आराखड्याने आखून दिलेल्या मर्यादेतच होते. नियमाप्रमाणे पाहिले तर दोष कुठेच नव्हता. पण माझ्दाचे भाग त्या मर्यादेच्या अगदी मध्याशी, एकमेकांच्या फार जवळ होते. रेखाचित्र एकच असूनही दोन कारखान्यांतून दोन वेगळ्या प्रतीचा माल निघाला. आराखडा फक्त सांगतो की माप किती इकडेतिकडे झालेले चालेल. त्या चालण्याजोग्या मर्यादेत समाधान मानायचे की ती आणखी आक्रसत न्यायची, हे कारखाना रोजच्या कामातून ठरवतो. रोबो हे ठरवत नाही. रोबोची देखभाल, त्याच्या वेल्डिंगची तपासणी आणि बिघाड दिसला की लाइन थांबवण्याचा अधिकार, हे माणसांच्या हातात असते.

दुसरे उदाहरण टायरांचे आहे आणि ते दुःखद आहे. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे 65 लाख टायर परत मागवले. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून येत होता, गाड्या उलटत होत्या. या टायरांशी जोडलेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे गेली. टायरच्या आराखड्यात दोष होता हे तपासात पुढे आलेच. पण तो आराखडा अनेक कारखान्यांत वापरला जात असताना इलिनॉयमधल्या डेकेटर कारखान्यातले टायर जास्त प्रमाणात का फाटत होते? ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी डेकेटरच्या टायरांची तुलना त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांतल्या टायरांशी केली, उत्पादनाच्या तारखेनुसार केली, आणि 2004 मध्ये ती प्रसिद्ध केली. डेकेटरमध्ये 1994 ते 1996 या काळात कडवा कामगार संघर्ष चालू होता. कंपनीने सवलती काढून घेण्याची आणि बारा तासांच्या पाळ्यांची मागणी केली, संप झाला, संपकऱ्यांच्या जागी नवी माणसे भरली गेली. सदोष टायरांचे प्रमाण वाढले ते नेमके याच काळात. त्यातही दोन टप्पे ठळक आहेत: सवलती काढण्याची मागणी पुढे आली तो, आणि हरून परतलेले संपकरी व त्यांच्या जागी आलेले कामगार शेजारी शेजारी उभे राहून काम करत होते तो. नवख्या हातांवर सगळा दोष ढकलता येत नाही, कारण पहिल्या टप्प्यात जुनेच हात काम करत होते. कारखाना तोच, यंत्रे तीच, देश तोच. बिघडले होते ते कारखान्यातले नाते.

तिसरा दाखला पुन्हा फ्रीमाँटचाच. नमी एप्रिल 2010 मध्ये बंद पडला आणि तीच वास्तू टेस्लाने विकत घेतली. 2018 मध्ये आठवड्याला 5000 मॉडेल 3 काढण्याच्या धडपडीत कंपनीने आवारात तंबू उभारून त्याखाली जुळणी सुरू केली. पॅनेलमधल्या असमान फटी आणि रंगातले दोष यांवरून त्या काळातल्या गाड्यांवर भरपूर टीका झाली. खुद्द इलॉन मस्क यांनी फेब्रुवारी 2021 मधल्या एका मुलाखतीत मान्य केले की उत्पादन झपाट्याने वाढवताना सगळे तपशील सांभाळणे कठीण जाते. टेस्लाची गाडी अगदी आरंभी घ्यावी किंवा उत्पादन स्थिरावल्यावर घ्यावी, असेही ते म्हणाले. त्याच सुमारास शांघायच्या नव्या कारखान्यातली मॉडेल 3 युरोपात पोहोचू लागली आणि तिची बांधणी फ्रीमाँटच्या गाडीपेक्षा नीट आहे, असे अनेक परीक्षकांनी नोंदवले. आता एकाच पत्त्यावरची ही तीन आयुष्ये ओळीने लावून पाहा. 1982 पूर्वी बदनाम, नमीच्या काळात ताकाओकाच्या तोडीस तोड, 2018 मध्ये पुन्हा टीकेचा धनी. कारखान्याला महत्त्व नसते तर हे चढउतार झाले नसते. देशच सर्व काही असता, तरीही झाले नसते. बदलत गेले ते व्यवस्थापन, कामगाराला असलेला अधिकार आणि उत्पादनाच्या वेगाचा दबाव.

पूर्वपक्ष : हे पटते. पण सामान्य ग्राहकाला कारखान्यातले नाते आणि वेगाचा दबाव कसा कळणार? त्याच्या हाती एकच खूण असते, ती म्हणजे देशाचे नाव. खूण ढोबळ असेल, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. शिवाय बाजारही तीच खूण मानतो, जुनी गाडी विकताना त्याचा भाव मिळतो.

उत्तरपक्ष : ढोबळ खूण निरुपद्रवी असती, तर तुमचे म्हणणे मान्य केले असते. पण ती दोन प्रकारे नुकसान करते. पहिले नुकसान पैशाचे. नमीमध्ये एकाच लाइनवर दोन नावांच्या जवळजवळ सारख्या गाड्या निघत: टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सची प्रिझम. जोडणारे हात तेच, बहुतेक भागही तेच. तरी जुन्या बाजारात प्रिझमला भाव कमी मिळे. म्हणजे बाजार प्रत मोजत नव्हता, नाव मोजत होता, आणि कोरोला घेणारा त्या नावाची किंमत वेगळी भरत होता. आपल्याकडे हेच उलट्या दिशेने घडते. तयार आयात झालेली गाडी इथे जोडलेल्या गाडीपेक्षा मजबूत असणारच, असे गृहीत धरले जाते, तर किमतीतला मोठा फरक असतो आयात शुल्काचा. मेक्सिकोतल्या गाड्यांना नाक मुरडणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातली व्हेंटो मेक्सिकोत निर्यात होत होती. आणि जपानी प्रतीचा दाखला देणाऱ्याने हे, की रांजणगावला बनलेली जीप कंपास 2017 पासून जपानच्या ग्राहकांना विकली गेली.

दुसरे नुकसान अधिक मोठे: पत्त्याला दोष दिला की खरे कारण शोधायचे राहून जाते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या बाबतीत असेच घडले. 2008 पासून सुरुवातीच्या काही वर्षांत कंपनीने दोष आपल्या दोन कारखान्यांतल्या कामावर टाकला. अमेरिकेतल्या मोझेस लेक इथे एअरबॅग फुगवणारी स्फोटक दारू नीट दाबली गेली नाही, मेक्सिकोतल्या मोनक्लोव्हा इथे तिला दमट हवा लागली, असे सांगत थोड्या थोड्या गाड्या परत मागवल्या गेल्या. त्या चुका झाल्याही होत्या. पण मूळ दोष रचनेत होता. अमोनियम नायट्रेटची दारू, ओलावा शोषणाऱ्या द्रव्याविना, उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिली की अस्थिर होते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर उडतात. हे मान्य व्हायला वर्षे गेली, माणसे गेली, आणि शेवटी एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅगचे भाग परत मागवण्याच्या यादीत आले. 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ‘अमुक कारखान्याचीच चूक’ हे उत्तर सोयीचे असते, कारण ते प्रश्नाला एका भिंतीआड बंद करते.

ग्राहकाच्या हाती काहीच नसते, हेही पूर्ण खरे नाही. प्रत्येक गाडीवर सतरा अक्षर-अंकांचा चासिस नंबर असतो. त्याची पहिली अक्षरे देश आणि उत्पादक सांगतात, आणि उत्पादनाचा महिना व वर्षही विक्रेत्याकडून कळू शकतो. देशापेक्षा हा महिना जास्त बोलका असतो. नवे मॉडेल लाइनवर येऊन किती दिवस झाले, कारखाना त्या वेळी नवा होता की स्थिरावलेला, तिथे टाळेबंदी किंवा संप चालू होता का, या बातम्या वर्तमानपत्रात येतात. दोष आढळल्यावर कंपन्या गाड्या परत मागवतात त्या जाहीर सूचना वाचा. त्यांत बहुधा ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या’ असे लिहिलेले असते, कारण दोष काळाशी जोडलेले असतात हे कंपनीला ठाऊक असते. अगदी नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांतल्या गाड्या घेण्याची घाई करू नये. ताबा घेण्याआधी दिवसाच्या उजेडात दारांच्या फटी, रंग, काचांभोवतीचे रबर, दिवे आणि प्रत्येक बटण स्वतः तपासून घ्यावे. ही तपासणी करणाऱ्याला त्याच्या समोरच्या एका गाडीबद्दल जे कळते, ते कुठल्याही देशाच्या नावातून कळणार नाही.

मात्र सगळा भार ग्राहकावर टाकणे न्यायाचे नाही. कोणत्या कारखान्यातल्या, कोणत्या महिन्यातल्या गाड्या वॉरंटीखाली किती परत आल्या, याचा हिशेब प्रत्येक कंपनीकडे असतो. तो ती स्वतःपुरता ठेवते. फायरस्टोनच्या बाबतीत बाहेरच्या अभ्यासकांना सत्य दिसले, कारण टायर कुठे आणि केव्हा बनला याची नोंद त्यांच्या हाती आली. भारतात सदोष गाड्या परत मागवण्याचे सक्तीचे नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले आहेत. त्यांच्या पुढचे पाऊल म्हणून कारखानानिहाय आणि महिनानिहाय दोषांची माहिती जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे. तसे झाले तर चाकण, रांजणगाव, शेंद्रा इथल्या कारखान्यांत नीट काम करणाऱ्या माणसांना त्यांचे श्रेय मिळेल, आणि जिथे घाईने किंवा दडपणाखाली काम चालले आहे तिथे ते उघड होईल. गाडीच्या प्रतीवर कारखान्याचा परिणाम होतो, यात शंका नाही. तो ठरवणारी गोष्ट एकच: चूक दिसताच काम थांबवण्याचा अधिकार लाइनवरच्या माणसाला आहे की नाही, आणि तो वापरल्यावर त्याची नोकरी सुरक्षित राहते की नाही. ग्राहक म्हणून आपण देशाचे नाव विचारणे थांबवावे आणि कंपन्यांकडे हा हिशेब मागायला सुरुवात करावी.